लाल म्हणजे रजा

डेपोत तिला कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. ड्रायव्हर, कंडक्टर, गॅरेजमधले मेकॅनिक, आवार झाडणारी बाई, सगळे तिला चार्टबाई म्हणायचे. कुठली बस कोण चालवणार, कोण रजेवर, कोणाला आराम, हे ठरवणारा रोजचा चार्ट ती लावायची. काम कारकुनाचं, पण वजन असं, की भलीमोठी बस एका हातानं वळवणारे धिप्पाड पुरुष तिच्या टेबलापाशी आले की आवाज मऊ करायचे. पहाटेची पहिली फेरी कोणाच्या कपाळी आणि दुपारची सोयीची कोणाच्या, हे तिच्या हातात होतं ना. चार्टबाईशी वाकडं घेऊन आजवर कोणाचं भलं झालं नाही, असं ड्रायव्हर नव्या माणसाला बजावून सांगायचे. हे साफ खोटं होतं. ती कोणावर राग काढायची नाही. पण ही अफवा तिनं कधी खोडूनही काढली नाही, कारण अफवेमुळे अर्धी भांडणं आपोआप मिटायची.

तिच्या टेबलामागे भिंतभर लाकडी तक्ता होता. त्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याला एका ड्रायव्हरच्या नावाची पट्टी आणि पट्टीशेजारी पत्र्याची गोल चकती. लाल चकती म्हणजे रजा, पिवळी म्हणजे आराम, हिरवी म्हणजे माणूस ड्यूटीला मोकळा. चकत्या तिच्या खणात तीन डब्यांत असायच्या.

रोज सकाळी डेपो मॅनेजर यायचे, हात पाठीशी बांधून तक्त्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं, वाचा." मग चार्टबाईनं वरपासून खालपर्यंत सगळं मोठ्यानं वाचायचं. अमका रजेवर, तमका मोकळा. साहेब मान हलवायचे आणि आपल्या खोलीत निघून जायचे. तक्ता नाकासमोर आहे, चष्मा नाही, डोळे धडधाकट आहेत, तरी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, म्हणजे साहेबी थाटाची हद्द झाली, असं सगळ्यांचं मत होतं. चार्टबाई घरी नवऱ्याला म्हणायची, की या माणसाला जेवतानाही कोणीतरी घास भरवत असणार. पण बोलणार कोण? ती वाचायची, ते ऐकायचे. वर्षानुवर्षं हा पाठ चालला.

मग तिच्या डोळ्यांचं सुरू झालं.

आधी संध्याकाळी जिने दिसेनात. मग बाजूनं येणारा माणूस एकदम अंगावर आल्यासारखा उभा राहायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागचा पडदा झिजतोय, नजरेचा घेर आक्रसत जाईल, औषध नाही. ती घरी आली, नवऱ्याला आणि नणंदेला सांगितलं, पोटभर रडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तिथे मात्र अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पट्ट्या कुठे आहेत हे तिला पाठ होतं, डबे जागच्या जागी होते, रजेच्या गोष्टी ड्रायव्हर तोंडानंच येऊन सांगायचे. साहेब "हं, वाचा" म्हणाले की ती तक्त्याकडे तोंड करून डोक्यातला तक्ता घडाघडा म्हणून दाखवायची. साहेब मान हलवून जायचे. जवळजवळ दोन वर्षं ती अशी खपून गेली, आणि रोज संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिच्या मानेच्या शिरा दगडासारख्या झालेल्या असायच्या. लपवण्याचं काम नोकरीच्या कामाहून जड असतं, आणि त्याला रजाही नसते.

एके सकाळी तिच्या कोपराचा धक्का लागून खण सुटला आणि तिन्ही डबे फरशीवर उपडे झाले. खळखळ आवाज करत चकत्या टेबलाखाली, कपाटाखाली गेल्या. तिनं गुडघ्यांवर बसून त्या गोळा केल्या. पण कुठली लाल, कुठली हिरवी? बोटांना सगळ्या सारख्याच गोल. त्या दिवशीचा तक्ता तिनं अंदाजानं लावला. साहेब आले, तक्त्यासमोर उभे राहिले, तिनं पाठ केलेलं म्हटलं, ते "ठीक आहे" म्हणून गेले. गोंधळ पकडला तो ड्रायव्हरांनी. रजेवरच्याच्या नावापुढे हिरवं, हजर असलेल्यापुढे लाल. सगळा आरडाओरडा झाला आणि त्या आरड्याओरड्यात तिनं सांगून टाकलं, की मला दिसत नाही. साहेबांच्या नाकासमोर इतकं उलटंपालटं होतं आणि त्यांना कळलं नाही याचं दोन-चार जणांना नवल वाटलं. पण मोठ्या माणसांच्या डोक्यात शंभर विचार असतात, असं म्हणून ते नवल तिथेच संपलं.

तिला नोकरीवरून काढलं नाही. सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एकाच पायाचे बूट, कुणाची तरी कवळी. मागायला येणारं दिवसाकाठी एखादं माणूस. बाकी वेळ ओल्या छत्र्यांचा वास घेत बसायचं. सगळे तिच्याशी फार गोड बोलायला लागले, आणि तेच तिला सहन होईना. कालपर्यंत जे ड्रायव्हर घाबरायचे, ते आता "सावकाश हं, बाई" म्हणून हात धरायला यायचे. तिला हात नको होता, तिला तिची खुर्ची हवी होती.

नणंद तिच्याहून मोठी, विधवा, त्यांच्याच घरात राहणारी, आणि जिभेला हाड नसलेली. तिनंच शोध लावला. कुणाच्या तरी कुणाकडून तिला कळलं, की गावात न दिसणाऱ्यांना संगणक शिकवणारे एक मास्तर आहेत आणि त्यांना स्वतःलाही दिसत नाही. चार्टबाई म्हणाली, वन्सं, पडदा दिसत नसेल तर संगणक काय करायचा, डोक्यावर घ्यायचा? वन्सं म्हणाल्या, चल तर खरं, नाहीतर घरी बसून माझंच डोकं खाशील.

मास्तरांच्या वर्गात पहिल्या दिवशी तिला कोणी माऊसला हातही लावू दिला नाही. मास्तरांनी तो उचलून खणात टाकला, म्हणाले, हे खेळणं डोळसांचं. आपलं काम बोटांचं आणि कानांचं. त्यांनी कळ दाबली आणि यंत्र बोलायला लागलं. पडद्यावर जे जे असेल ते एक बाई बोलून सांगायची. बाणाची कळ दाबली की पुढची ओळ, टॅब दाबला की पुढचं बटण, अक्षर दाबलं की ते अक्षर. मास्तरांच्या स्वतःच्या यंत्रातली बाई इतकी भरभर बोलायची की कढईत मोहरी तडतडावी. चार्टबाईला एक शब्द कळेना. मास्तर हसले. म्हणाले, तुम्ही डोळ्यांनी वाचायचात तेव्हा अक्षर अक्षर लावत होता का? कान पण शिकतो, फक्त त्याला आळशी ठेवू नका.

तिनं घरी जुना लॅपटॉप आणला आणि त्या आवाजाला नाव ठेवलं, वटवटी. सुरुवातीला वटवटीनं तिच्या नाकी नऊ आणले. एका चुकीच्या कळीनं पानच बंद व्हायचं, दुसऱ्या कळीनं वटवटी मौन धरायची. घरात एक वटवट करणारी पुरे होती, असं नवरा म्हणाला. तो कोणाबद्दल बोलला हे त्यानं सांगितलं नाही, आणि दोन्ही बायकांनी विचारलंही नाही. चार्टबाईनं पडदा बंदच ठेवायला सुरुवात केली, उगाच बॅटरी का जाळायची म्हणून. एकदा वन्सं खोलीत आल्या, काळा पडदा पाहिला, यंत्र मेलं असं समजून त्यांनी झाकण बंद केलं आणि तिनं दुपारभर टिपलेलं सगळं गेलं. त्या दिवशी नणंद-भावजयीचं जे वाजलं ते शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी वन्संनी लॅपटॉपच्या झाकणावर कापडाचा तुकडा चिकटवला. कापड लावलेलं असेल तर आत काम चालू आहे, कोणी हात लावायचा नाही. आणि स्वतःच्या भावालाही त्यांनी तो नियम दम देऊन पाळायला लावला.

हळूहळू वटवटीचा वेग वाढला. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की आपण ऐकत नाही आहोत, वाचतो आहोत. मोहरी तडतडत होती आणि तिला एकेक दाणा वेगळा कळत होता. ती एकटीच बसली होती आणि तिला इतका आनंद झाला, की सांगायला कोणी नाही म्हणून तिनं ते वटवटीलाच सांगितलं.

याच सुमारास डेपोतला लाकडी तक्ता उतरवला गेला. आता चार्ट संगणकावर आला आणि भिंतीवर तक्त्याच्या जागी मोठा पडदा लागला. ही बातमी खिडकीपर्यंत पोचली त्या दिवशी चार्टबाई उठली, भिंतीला हात लावत साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, संगणकच असेल तर तो मला वाचता येतो, माझी खुर्ची मला परत द्या.  साहेब म्हणाले, महिनाभर बघू. पण तुमच्या चुकीनं एक जरी बस उभी राहिली, तर पुन्हा खिडकी, आणि मग हा विषय काढायचा नाही. तिनं मान्य केलं.

तिच्या जागी काम करणाऱ्या धाकट्या कारकुनाला तिनं आधीच सांगून टाकलं, की माझ्या टेबलावरचा पडदा बंद असेल, ते पाहून मला झोप लागली असं समजू नकोस. साहेबांना रोज मोठा पडदा वाचून दाखवण्याचं काम मात्र त्याच्याकडेच राहिलं. एका कानात ती इअरफोनचं, म्हणजे वटवटीचं, बोंडूक घालायची, दुसरा कान ड्रायव्हरांना मोकळा. एकजण उशीर झाल्याची रडकथा सांगतोय, ती हं हं करतेय, आणि तेवढ्यात बोटांनी त्याची फेरी दुसऱ्याला देऊनही झाली आहे. ड्रायव्हर दबकून बोलायला लागले. बाईला आता दोन दोन कान आहेत आणि दोन्ही वेगळं ऐकतात, अशी नवी अफवा उठली. ही तर खरीच होती.

महिना संपत आला होता. आणि एका सकाळी पहिली बस निघाली नाही.

इस्पितळाच्या सकाळच्या पाळीच्या नर्सेस त्या बसनं जायच्या. त्या थांब्यावर ताटकळल्या, मग चालत निघाल्या, मग त्यांच्यातल्या एकीनं फोन करून डेपोची हजामत केली. त्या फेरीवर चार्टबाईनं ज्याला लावलं होतं, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, तो फोन बंद करून बायकोपाशी बसला होता. बायको बाळंत होत होती. त्यानं परस्पर साहेबांकडून रजा घेतली होती आणि कारकुनानं ती चार्टवर चढवलीही होती.

"मग मला ती ऐकू का नाही आली?" तिनं विचारलं.

कारकून गोंधळला. म्हणाला, "बाई, चौकोन लाल केलाय ना मी. लाल म्हणजे रजा."

नव्या चार्टमध्येही जुन्याच चकत्या होत्या, फक्त पत्र्याच्या नव्हत्या. प्रत्येक नावाचा चौकोन लाल, पिवळा नाहीतर हिरवा व्हायचा. वटवटी नाव सांगायची, वेळ सांगायची, फेरी सांगायची. रंगाबद्दल तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तर ती तरी काय बोलणार? इतके दिवस निभावलं, कारण ड्रायव्हर सवयीनं रजा तोंडानं सांगून जायचे. पैलवान तेवढा सांगायला आला नव्हता.

साहेबांनी बोलावलं. उद्यापासून खिडकी, म्हणाले. तिनं काय घडलं ते सांगितलं. साहेबांनी विचारलं, "रंग सांगत नाही तुमचं यंत्र?" ती नाही म्हणाली. त्यावर ते इतका वेळ गप्प राहिले, की खोलीत अजून आहेत की नाहीत अशी तिला शंका आली. शेवटी म्हणाले, उद्या हा चार्ट बनवणाऱ्या कंपनीचा प्रोग्रामर तपासणीला येणार आहे, त्याच्याशी बोला. दुपारपर्यंत वेळ आहे. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येऊन ती जेवली नाही. संपलं सगळं, म्हणाली. छत्र्या माझी वाट बघतायत. नवरा समजूत घालायला लागला तसं वन्संनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "तू चुकलीस, की तुला सांगितलं नाही? आधी ते ठरव. मग काय रडायचं ते दोघी मिळून रडू." तिनं मास्तरांना फोन लावला. मास्तर सगळं ऐकून हसलेच. ते म्हणाले, त्या प्रोग्रामरशी भांडू नका. भांडलेला माणूस घरी जाऊन विसरतो. त्याला तुमच्या खुर्चीत बसवा.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर आला. आवाजावरून मध्यमवयीन, सभ्य आणि घाईत. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, की रंग पाहिला की कळतं, म्हणून शब्द घातले नाहीत, पडदा गजबजलेला दिसतो. चार्टबाई उठली. त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, पडदा बंद होता तो बंदच ठेवला, वटवटीचा वेग कमी करून बोंडूक त्याच्या कानात दिलं, कुठली कळ कशासाठी ते दाखवलं. म्हणाली, संध्याकाळच्या फेरीला एक माणूस लावा बघू, तुम्हीच बनवलंय.

त्यानं ऐकलं, बाण दाबले, पुन्हा ऐकलं. ऑफिसातले सगळे काम सोडून बघत होते. त्यानं एक नाव निवडलं. लावला, म्हणाला. तिनं हात लांब करून पडदा चालू केला आणि कारकुनाला विचारलं, कोणाला लावलाय रे? कारकुनाला हसू आवरेना. पैलवानालाच लावला होता. तोच लाल चौकोन, आणि पैलवान आज आपली मुलगी मांडीवर घेऊन बसला होता.

 प्रोग्रामरनं पिशवीतून स्वतःचं यंत्र काढलं आणि कोणी सांगायच्या आत कामाला लागला. दुपार व्हायच्या आत वटवटी तिच्या कानात बोलली, नाव, वेळ, आणि मग, रजा. पुढचा चौकोन, मोकळा. पुढचा, आराम. चार्टबाईनं तोच चौकोन पुन्हा ऐकला, मग पुन्हा. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. लपवायचं तिनं आता सोडूनच दिलं होतं.

इतक्यात प्रोग्रामर ओशाळून म्हणाला, शब्द फक्त बाईंच्या यंत्रात घालायचे होते, ते चुकून सगळ्यांकडेच गेले. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरही दिसतायत. थांबा, काढतो.

त्याच वेळी साहेब आले होते. तिनं त्यांची पावलं ओळखली. ती पावलं भिंतीकडे गेली आणि मोठ्या पडद्यासमोर थांबली. कारकुनानं सवयीनं घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. साहेबांनी त्याला थांबवलं असणार, कारण तो एका नावावरच गप्प झाला.

आणि मग साहेब वाचायला लागले. "रजा," ते म्हणाले. "मोकळा. मोकळा. आराम. मोकळा. रजा." आवाज सावकाश, एकेका चौकोनावर थबकणारा.

इतक्या वर्षांत तिनं साहेबांचा आवाज हजार वेळा ऐकला होता, पण तक्ता वाचताना कधीच ऐकला नव्हता. तिचे हात कळांवर तसेच राहिले. उपड्या झालेल्या डब्यांची सकाळ तिला आठवली, उलटासुलटा तक्ता आठवला, आणि त्याच्यासमोर उभं राहून "ठीक आहे" म्हणणारा हा माणूस आठवला. थाट नव्हता तो.

"राहू द्या," साहेब प्रोग्रामरला म्हणाले. "काढू नका. सगळ्यांच्या पडद्यावर राहू द्या."

ऑफिस पांगल्यावर ते तिच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले, हेही पहिल्यांदाच. म्हणाले, "लाल आणि हिरवा मला लहानपणापासून एकच दिसतात. मला ड्रायव्हर व्हायचं होतं, बाई. तपासणीत नापास केलं, म्हणून टेबलावर आलो. इथे कोणाला सांगितलं नाही."

चार्टबाई म्हणाली, "साहेब, शेवटची दोन वर्षं मला तक्ता दिसत नव्हता. मी तुम्हाला पाठ म्हणून दाखवायचे."

 साहेब हसायला लागले. ती पण. जिला दिसत नाही ती वाचतेय, ज्याला रंग ओळखता येत नाही तो तपासतोय, आणि त्यावर डेपोच्या सगळ्या बस वेळेवर सुटतायत. आपण दोघं एका माळेचे मणी, असं ती म्हणाली, आणि साहेब इतके हसले, की झाडणारी बाई दारात येऊन बघून गेली.

उठताना त्यांनी विचारलं, "फार दमायला होतं ना, लपवताना?"

"मान दुखते," ती म्हणाली.

खिडकीचा विषय कोणी काढला नाही. तिथे नवीन माणूस बसला. घरी वन्संनी सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, आणि दर वेळी त्या मधेच म्हणायच्या, मी म्हटलं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नेहमीच्या वेळेला आले. हात पाठीशी बांधून मोठ्या पडद्यासमोर उभे राहिले. कारकुनानं चार्टबाईकडे पाहिलं, ड्रायव्हर दारात थबकले.  चार्टबाईनं कानातलं बोंडूक काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत नीट सावरून बसली.

"हं, साहेब," ती म्हणाली, "वाचा."

आणि साहेबांनी वाचलं. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, मोठ्यानं, एकही न चुकता.